मन मोकळे करण्याची विद्या

शरीरास दुखणे जडले असता ते लपवून ठेवावे असे सहसा कोणास वाटत नाही. पायात काटा मोडला तर मूल लंगडत आईकडे जाते. दाढ ठणकू लागली तर गाल धरून बसते. अंगात कणकण वाटली तर ‘कपाळाला हात लावून पाहा’ म्हणून आपण होऊन सांगते. परंतु तेच मूल मनातल्या मनात झुरू लागले, रात्रीची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, आवडता खेळ नकोसा झाला, तरी ते तोंडातून अवाक्षर काढीत नाही. कोणी विचारलेच तर ‘काही नाही’ एवढे दोन शब्द पुढे करून उठून जाते. या ‘काही नाही’च्या मागे पुष्कळदा फार काही असते. ते बाहेर कसे यावे, आणि बाहेर आल्यावर ऐकणाऱ्याने काय करावे, याचा विचार विद्यार्थी व त्यांचे पालक या उभयतांपुढे मांडावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी जाणती आहे. कुढणे, झुरणे, मनाला लावून घेणे, जीव टांगणीला लागणे, मन खाणे, मन विटणे, असे कितीतरी शब्द आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडी होते व आजही आहेत. समर्थ रामदासांनी तर मनालाच समोर बसवून त्यास उद्देशून २०५ श्लोक रचिले. ज्या भाषेत मनाच्या व्यथेला इतकी नावे आहेत, त्याच भाषेत तिच्या उपायालाही एक साधे व सुरेख नाव आहे, ते म्हणजे ‘मन मोकळे करणे’. पण गाठ मोकळी करावयाची तर बोटांना जसे वळण लागावे लागते, तसेच येथेही आहे. आपण मुलांस वाचन शिकवितो, गणित शिकवितो, पोहावयास शिकवितो. परंतु मन जड झाले असता कोणाकडे जावे व काय बोलावे, हे शिकवीत नाही. ते ज्याचे त्यास आपोआप येते असे आपण धरून चालतो. आमचे म्हणणे असे की, ते आपोआप येत नाही. ती एक विद्या आहे, आणि इतर विद्यांप्रमाणे तीही शिकावी व शिकवावी लागते.

१. दुःख आणि दुखणे

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. प्रत्येक दुःख हे दुखणे नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधडणे, सामना हरल्यावर डोळ्यांत पाणी येणे, मैत्रिणीशी अबोला झाल्याने दोन दिवस करमेनासे होणे, आजोबा वारले असता घरातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहवत नाहीसे होणे, ही मनाच्या प्रकृतीची लक्षणे आहेत, विकृतीची नव्हेत. ज्या मनास असे काहीच होत नाही, त्याचीच उलट काळजी वाटावी. असे दुःख काळाने, कामाने व माणसांच्या सहवासाने ओसरते.

मग दुखणे कोणते? ते ओळखण्यास तीन खुणा उपयोगी पडतात. पहिली खूण काळाची. उदासपणा, भीती किंवा चिडचिड दिवसाचा बहुतेक भाग व्यापून दोन आठवडे वा त्याहून अधिक टिकली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. दुसरी खूण व्याप्तीची. एका विषयापुरती किंवा एका माणसापुरती न राहता ती झोप, भूक, अभ्यास, खेळ व मैत्री या सर्वांत शिरली, म्हणजे ती बळावली असे समजावे. तिसरी खूण बदलाची. बडबडे मूल मुके झाले, टापटिपीचे मूल गबाळे राहू लागले, शांत मूल एकाएकी भांडखोर झाले, शाळेत जाण्याच्या वेळी रोज पोट किंवा डोके दुखू लागले आणि वैद्यास त्याचे शारीरिक कारण सापडेना, तर तो बदलच काही सांगत असतो. आपल्या जगण्यास काही अर्थ नाही, आपण नसतो तर बरे झाले असते, असे विचार मनात येऊ लागले, तर मात्र दोन आठवडे थांबावयाचे कारण नाही. त्याच दिवशी कोणा मोठ्या माणसास ते सांगितले पाहिजे.

अशी दुखणी कुमारवयातच पुष्कळदा का सुरू होतात, याचेही उत्तर आता बरेचसे मिळाले आहे. निरनिराळ्या देशांत झालेल्या १९२ अभ्यासांचे एकत्र परीक्षण २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की, मनाच्या विकारांपैकी सुमारे एक तृतीयांश विकारांचा आरंभ वयाच्या १४ वर्षांच्या आत, व जवळजवळ निम्म्यांचा १८ वर्षांच्या आत होतो. आपल्या देशात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींत हे प्रमाण शेकडा ७.३ आढळले. पन्नास मुलांच्या वर्गास ते लावून पाहिले, तर तीन-चार मुले होतात. म्हणजे हा कोण्या दूरच्या व विलक्षण माणसाचा प्रश्न नसून पुढच्या बाकावरचा, मागच्या बाकावरचा, कदाचित आपल्या स्वतःच्या बाकावरचा प्रश्न आहे.

या वयात मेंदूची घडण चालू असते. भावना उसळविणारे भाग लवकर जागे होतात, आणि त्यांस आवर घालून पुढचामागचा विचार करणारा कपाळामागचा भाग पुरता पक्व होण्यास वयाची विशी उलटून जाते. त्यातच शरीर बदलत असते, परीक्षांचे ओझे असते, घरच्या अडचणी कानांवर पडत असतात, हातातल्या मोबाइलवर दुसऱ्यांची सुखे रात्रंदिवस डोळ्यांपुढे नाचत असतात, आणि १३ ते १८ या वयात आठ ते दहा तास झोप हवी असता ती सहा तासही मिळत नाही. कोणाच्या घराण्यात असा विकार पूर्वी झालेला असतो, कोणावर लहानपणी आघात झालेला असतो. अशी अनेक कारणे एकत्र येऊन दुखणे होते. ‘मन कमकुवत म्हणून आजार झाला’ असे म्हणणे हे ‘हाड भित्रे म्हणून मोडले’ असे म्हणण्यासारखे आहे.

२. जिला विचारावयास कोणी नव्हते

न विचारल्याने काय होते, आणि विचारण्यास जागा मिळाली म्हणजे काय होते, हे दाखविणारी इंग्लंडातील एक खरी हकीकत येथे देतो.

इसवी सन १९३५ मध्ये चॅड व्हारा नावाचे एक तरुण धर्मोपदेशक लिंकन या शहरात नव्यानेच काम करू लागले होते. त्यांच्या हातून झालेला पहिला अंत्यविधी १४ वर्षांच्या एका मुलीचा होता. तिने आपणच आपले जीवन संपविले होते. कारण काय, तर वयात येताना प्रत्येक मुलीस येते ती मासिक पाळी तिला आली होती, आणि हा काय प्रकार आहे हे तिला कोणी कधी सांगितले नव्हते. आपणास काही लाजिरवाणा रोग जडला, अशी तिची समजूत झाली. घरात माणसे होती, शेजारी होते, शाळा होती, देवालय होते. परंतु हा प्रश्न जिच्यापुढे ठेवावा अशी एकही व्यक्ती त्या मुलीस दिसली नाही. जे भय आईच्या दोन वाक्यांनी निवाले असते, त्याने एक जीव नेला. तिच्या दफनाच्या वेळी व्हारा यांनी मनाशी निश्चय केला की, पुन्हा कोणावर अशी पाळी येऊ नये यासाठी आपण झटावयाचे. आणि त्या दिवसापासून तरुणांच्या अशा अडचणी ते निःसंकोचपणे ऐकून घेऊ लागले.

पुढे १९५३ साली ते लंडन शहरातील सेंट स्टीफन वॉलब्रुक या देवळाचे मुख्य उपदेशक झाले. घराला आग लागली तर बंब बोलावण्यास दूरध्वनी आहे. मग ज्याच्या जिवाला आग लागली आहे, त्याने कोणास हाक मारावी, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आपल्या देवळातील दूरध्वनीचा क्रमांक जाहीर केला, आणि २ नोव्हेंबर १९५३ रोजी पहिली हाक आली. नंतर माणसे प्रत्यक्षही येऊ लागली. व्हारा एकटे; भेटावयास येणारे पुष्कळ. तेव्हा ताटकळणाऱ्या लोकांस चहा द्यावा, त्यांच्याजवळ बसावे, एवढ्याकरिता काही साधी माणसे स्वखुशीने येऊ लागली. थोड्याच दिवसांत व्हारा यांच्या ध्यानात आले की, या माणसांशी चार शब्द बोलून कित्येकांचे मन असे हलके होते की, त्यांना आपली भेट घेण्याची गरजच उरत नाही. उपदेशापेक्षा ऐकणे अधिक गुणकारी ठरत होते. म्हणून फेब्रुवारी १९५४ मध्ये ऐकण्याचे काम त्यांनी त्या स्वयंसेवकांच्याच हाती सोपविले. एका वर्तमानपत्राने या सेवेस बायबलातील चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतावरून नाव दिले, आणि तेच नाव पुढे ‘समॅरिटन्स’ म्हणून रूढ झाले.

तो दृष्टांत आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. वाटेत लुटला जाऊन जखमी पडलेल्या प्रवाशाजवळून दोघे प्रतिष्ठित गृहस्थ बाजू देऊन निघून गेले. परक्या जातीचा शोमरोनी मात्र थांबला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. पण तो तेवढ्यावर राहिला नाही. जखमी माणसास आपल्या जनावरावर बसवून त्याने उतारशाळेत नेले, आणि पुढील शुश्रूषेसाठी उतारशाळेच्या रक्षकास पैसे दिले. आमच्या विषयाचे सार यात आले आहे. प्रथम थांबावे, मग जमेल ती पट्टी बांधावी, आणि त्यानंतर ज्याच्या हाती पुढची शुश्रूषा आहे त्याच्यापर्यंत पोहोचवावे.

३. लाज आली कोठून?

मदत मागण्यास मुले लाजतात, कारण त्यांच्या भोवतालची मोठी माणसे लाजतात. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. तेथे आजारी माणसांची शुश्रूषा होते, आणि बरे होऊन माणसे घरी परततात. पण आपण त्या गावांच्या नावांची थट्टा करून टाकिली आहे. कोणी जरा वेगळे बोलला की, ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘याला येरवड्याला न्या’, असे आपण हसत हसत म्हणतो. घरात ही थट्टा ऐकत वाढलेले मूल आपले मन बिघडले असता तोंड कसे उघडील? मलेरिया झालेल्यास कोणी रुग्णालयाचे नाव घेऊन हिणवीत नाही.

कायद्यानेही या बाबतीत फार लांबचा पल्ला गाठला आहे. १९१२ सालच्या कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ हा शब्द होता, आणि त्याचा रोख रुग्णास बंदोबस्तात ठेवण्याकडे होता. १९८७ साली त्याच्या जागी मानसिक आरोग्याचा कायदा झाला. त्यानंतर २०१७ साली संमत झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. सरकारी व्यवस्थेतून मानसिक आरोग्याचे उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला. इतकेच नव्हे, तर ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असे मानावे, त्यास शिक्षा न करिता सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे त्या कायद्याने सांगितले. ज्यास पूर्वी आरोपी म्हणत, त्यास आता रुग्ण म्हणतात. कायद्याने जी लाज सोडली, ती घराने का धरून ठेवावी?

४. विद्यार्थ्यांस

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी थोडे बोलावयाचे आहे. मदत मागणे म्हणजे हार खाणे, अशी तुमच्यापैकी कित्येकांची समजूत असते. विहिरीत पोहताना दम लागला तर काठावरच्यास हाक मारणारा मुलगा शहाणा ठरतो. न मारणाऱ्यास कोणी शूर म्हणत नाही. मनाच्या बाबतीतही न्याय तोच आहे.

पहिली गोष्ट माणूस निवडण्याची. जो तुमचे गुपित चव्हाट्यावर आणणार नाही, जो हसणार नाही, आणि ज्याच्या हाती काही करण्याची शक्ती आहे, असा एक वडील मनुष्य शोधावा. तो आई असेल, बाबा असतील, मावशी, काका किंवा आजी असेल, वर्गशिक्षिका असेल, शाळेचे समुपदेशक असतील. समवयस्क मित्राजवळ मन हलके करण्यास हरकत नाही. परंतु तोही तुमच्याएवढाच आहे, हे विसरू नये. त्याच्याबरोबर मोठ्या माणसाकडे जाता आले तर फारच उत्तम.

दुसरी गोष्ट शब्दांची. सगळी हकीकत नीट जुळवून सांगता आली पाहिजे असे नाही. ‘आई, मला गेले काही दिवस बरे वाटत नाही, अंगाला नाही, मनाला. तू जरा माझ्याजवळ बस,’ एवढे पुरे आहे. ‘बाई, मला आपल्याशी दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे,’ एवढे म्हटले तरी दार उघडते. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी लिहावी. किती दिवसांपासून, केव्हा अधिक होते, झोप व भूक कशी आहे, या चार गोष्टी तीत लिहिल्या तर ऐकणाऱ्यास पुष्कळ कळते. आणि पहिल्या माणसाने ‘उगीच काहीतरी’ म्हणून उडवून लाविले, तर तो शेवट समजू नये. दुसऱ्याकडे जावे, तिसऱ्याकडे जावे. एक दुकान बंद आढळले म्हणून आपण औषध घेतल्यावाचून घरी येत नाही.

तिसरी गोष्ट उपाय शोधण्याच्या रीतीची. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने शाळकरी मुलांसाठी एक सोपी पद्धत तयार केली, आणि दिल्लीच्या सरकारी शाळांतील नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांत तिचा प्रयोग करून त्याचा वृत्तांत २०२० साली प्रसिद्ध झाला. तिच्या तीन पायऱ्या अशा: प्रश्न नेमका कोणता ते ठरवावे; त्यावरचे निरनिराळे पर्याय कागदावर मांडावे; त्यांतला एक निवडून करून पाहावा, आणि न साधला तर दुसरा घ्यावा. उदाहरणार्थ, ‘मी अगदीच टाकाऊ आहे’ हा प्रश्न नव्हे, तो निराशेचा उद्गार होय. ‘बीजगणिताचे दोन धडे मला कळलेले नाहीत आणि परीक्षेस वीस दिवस राहिले आहेत’ हा प्रश्न होय. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला चार उत्तरे आहेत. आणि समजा, त्यांतले एकही साधले नाही व दहावीस अपयश आले, तरी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते. निकालाच्या दिवशी जो दरवाजा बंद झाला असे वाटते, तो बहुधा नुसता लोटलेला असतो.

चौथी गोष्ट मित्रधर्माची. तुमचा मित्र म्हणाला, ‘मला जगावेसे वाटत नाही, पण तू कोणाला सांगणार नाहीस अशी शपथ घे,’ तर ती शपथ घेऊ नका. आणि घेतली असली तरी ती मोडा. इतर गुपिते जरूर राखावी, पण ज्यात जिवाला धोका आहे ते गुपित राखणे हा मित्रद्रोह होय. त्यास एकटे सोडू नका, आणि त्याच क्षणी जवळच्या मोठ्या माणसास हाक मारा. मागाहून मित्र रागावेल. परंतु रागावण्यास तो असेल. कोणी तुम्हांस नको तसा स्पर्श करीत असेल, धमकावीत असेल, किंवा तुमचे चित्र पसरविण्याची भीती घालीत असेल, तर तेही असेच न लपविण्याचे गुपित आहे. त्यात अपराध त्याचा आहे, तुमचा नाही.

आणि घरी, शाळेत कोणीच सापडत नाही असे वाटले तर? केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्यदिनी, ‘टेलिमानस’ नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. ती रात्रंदिवस चालू असते, तिला पैसे पडत नाहीत, आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. हे दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. तुम्हांस लागले नाहीत तर आनंदच आहे, शेजारच्याला लागतील.

५. पालकांस

आता पालकांस नम्रपणे काही सांगावयाचे आहे. मूल बोलू लागले म्हणजे आपला पहिला उद्गार फार महत्त्वाचा असतो. ‘तुला काय कमी आहे?’, ‘आमच्या वेळी असली थेरे नव्हती’, ‘लोक काय म्हणतील?’ या तीन वाक्यांनी जितकी तोंडे बंद झाली असतील, तितकी मारानेही झाली नसतील. उलट ‘बरे केलेस मला सांगितलेस, आपण दोघे मिळून पाहू,’ एवढ्या वाक्याने निम्मे ओझे उतरते. लगेच उपदेश करू नये, दुसऱ्याच्या मुलाचे उदाहरण देऊ नये, आणि ऐकलेली गोष्ट नातेवाइकांच्या बैठकीत काढू नये. एकदा विश्वास फुटला की, पुन्हा सांधण्यास फार काळ लागतो.

मुलाशी बोलण्यास समोरासमोर बसण्याचीच गरज आहे असे नाही. भाजी निवडताना, दुचाकीवरून जाताना, रात्री अंथरुणे घालताना मुले अधिक मोकळी होतात. रोज दहा मिनिटे अशी राखावी की, ज्यांत गुणांचा व अभ्यासाचा विषय निघावयाचा नाही. रोज फक्त ‘अभ्यास झाला का?’ एवढेच विचारले गेले, तर आपण आई-बाबांना गुणपत्रिकेपुरतेच हवे आहो, अशी मुलाची समजूत होण्यास उशीर लागत नाही.

पुष्कळ पालकांस आणखी एक भय वाटते. मुलाच्या बोलण्यात निराशा दिसते, पण ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे विचारले तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात भरेल, असे त्यांस वाटते. या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे, आणि अशा शांतपणे विचारण्याने धोका वाढत नाही असेच आढळून आले आहे. उलट, ज्यास ते बोलता येत नव्हते त्याची कोंडी फुटते. उत्तर ‘हो’ असे आले तर रागावू नये, रडारड करू नये. मुलास एकटे ठेवू नये, घरातील धोक्याच्या वस्तू दूर कराव्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे.

कोणाकडे जावे, याविषयीही गोंधळ असतो. समुपदेशक हा बोलून, ऐकून व मार्ग सुचवून मदत करितो. मानसतज्ज्ञ चाचण्या घेतो आणि विचार व वर्तन यांना वळण लावणारे उपचार करितो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीचा डॉक्टर असून जरूर असेल तर औषध देतो. सगळ्यांस औषध लागतेच असे नाही. आणि लागले तर ते चष्म्यासारखे किंवा मधुमेहाच्या गोळीसारखे समजावे. मात्र डॉक्टरांस न विचारता ते मध्येच बंद करू नये. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही या उपचारांची सोय असते. अंगारेधुपारे व गंडेदोरे यांत दिवस घालवू नयेत. प्रार्थनेने मनास बळ येते, हे आम्ही नाकारीत नाही. पण मोडलेल्या हाताकरिता प्रार्थना करणारा माणूस हात बांधून घेण्यासही जातोच.

आणि घरातल्या आजीला विसरू नये. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात मनोविकारतज्ज्ञ फारच थोडे. तेथील डॉक्टर डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली १४ आज्यांना शिकवून तयार केले, आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक मांडून त्यांवर त्यांस बसविले. येणाऱ्याने आजीशेजारी बसावे, मनातले सांगावे, आणि दोघांनी मिळून एक पाऊल ठरवावे, अशी ही योजना. तेथील शोना भाषेत या दुखण्यास ‘अति विचार करणे’ अशा अर्थाचा शब्द आहे. तो ऐकून आपल्याकडच्या कोणाही आजीने मान डोलविली असती. या बाकांचा शास्त्रीय पद्धतीने पडताळा घेण्यात आला, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार सहा महिन्यांनंतर अशा रुग्णांची लक्षणे नेहमीचे उपचार मिळालेल्या रुग्णांहून कमी झालेली दिसली. मात्र त्या आज्यांना शिक्षण दिलेले होते, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण डॉक्टरांकडे पाठवावा, हे त्यांना पक्के ठाऊक होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

६. शाळेचे कर्तव्य

शाळाही यातून सुटत नाही. २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक सूचना केल्या. शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, अशी त्यांत एक सूचना आहे. परंतु समुपदेशकाची खोली असणे निराळे, आणि त्या खोलीत जाताना मुलास वर्गातून टोमणे ऐकावे न लागणे निराळे. पहिले व्यवस्थापकांच्या हाती आहे. दुसरे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या हाती आहे. ज्या वर्गात चूक उत्तर दिल्याबद्दल हसत नाहीत, त्याच वर्गात मूल आपले मन उघडण्यास धजते. म्हणून या विद्येचा पहिला धडा समुपदेशकाच्या खोलीत नव्हे, रोजच्या तासाला दिला जातो.

लिंकन शहरातील त्या मुलीला उत्तर हवे होते ते फार मोठे नव्हते. तिला विचारता आले असते, किंवा तिने विचारण्यापूर्वी कोणी सांगितले असते, तर ती वाचली असती. आपल्या शाळेतील व आपल्या घरातील कोणाही मुलावर किंवा मुलीवर अशी पाळी येऊ नये, ही आमची इच्छा आहे. त्यासाठी हा लेख वाचून झाल्यावर एक लहानसे काम करावे, अशी विनंती आहे. विद्यार्थ्यांनी, मन जड झाले तर आपण ज्यांच्याकडे जाऊ अशा तीन माणसांची नावे लिहून ठेवावी. पालकांनी, त्या तिघांत आपले नाव येईल का, हे आपल्या मनास विचारावे. आणि येणार नाही असे वाटल्यास आज रात्री जेवणानंतर मुलाजवळ जाऊन, काही न शिकविता, थोडा वेळ बसावे.